पूरपट्ट्यात राहताना मन खंबीर कसे ठेवावे?

कृष्णाकाठची

नमस्कार. मी सांगलीत, कृष्णेच्या पूरपट्ट्यात मोडणाऱ्या एका जुन्या वस्तीत राहते. घर तळमजल्याचे आहे आणि पुढच्या खोलीत माझे शिवणकामाचे दुकान आहे. घरात यजमान, चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, कॉलेजला जाणारी मुलगी आणि मी अशी चार माणसे आहोत. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे पावसाळ्यात माणसे एकमेकांची ख्यालीखुशाली विचारण्याआधी ‘किती फूट झाले?’ असे विचारतात. हे फूट म्हणजे आयर्विन पुलाजवळची नदीची पातळी. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. सखल वस्त्यांत पाणी त्याच्याही आधी शिरते. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले, तेव्हा असे पाणी पुन्हा बघायला मिळणार नाही असे घरातली वडीलधारी माणसे म्हणाली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले, आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, त्याने पुन्हा पन्नाशी ओलांडली.

माझा प्रश्न मात्र पुराविषयी नाही, पूर नसतानाच्या दिवसांविषयी आहे.

२०१९ मध्ये पाणी अंगणात आले तेव्हा मी घाबरले नव्हते. सासूबाईंची औषधे, मुलीची पुस्तके, रेशन कार्ड आणि दागिन्यांचा डबा एवढे घेऊन आम्ही आधी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेलो आणि दुसऱ्या दिवशी बोटीने निवारा केंद्रावर. परत आल्यावर भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर, साडेसहा फुटांवर, पाण्याची तपकिरी रेघ होती. शिलाई मशीनच्या बॉबिन केसमध्ये इतका बारीक गाळ बसला होता की तो मी टाचणीने आणि रॉकेलमध्ये बुडवलेल्या चिंधीने तीन दिवस काढत होते. गिऱ्हाइकांचे चाळीसएक ब्लाउज चिखलात गेले होते. प्रत्येकीच्या घरी जाऊन मी ते सांगितले आणि ज्यांनी भरपाई मागितली त्यांना हप्त्याहप्त्याने पैसे फेडले. या सगळ्यात मी एकदाही रडले नाही. लोक म्हणाले, बाई फार खंबीर आहे.

पुढच्या वर्षी जून लागला आणि माझी झोप उडाली. रात्री दोन वाजता उठून मी फोनवर पाण्याची पातळी पाहू लागले, नदी अठरा फुटांवर असतानासुद्धा. २०२१ मध्ये आम्ही मशीन आणि कपडे आधीच वरच्या मजल्यावर हलवले होते, त्यामुळे नुकसान पुष्कळच कमी झाले. पण भीती कमी झाली नाही, उलट वाढली. आता जुलै-ऑगस्टच्या ऑर्डरी मी घेतच नाही. कापड बेतायला घेतले आणि पत्र्यावर पावसाची सर आली की कात्री हातातच राहते. सासूबाई मृग लागल्यापासून एक पिशवी भरून दाराशी ठेवतात आणि तासातासाला ‘किती फूट?’ विचारतात. मी त्यांच्यावर ओरडते आणि मग रात्रभर मला त्याचेच वाईट वाटत राहते.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका कार्यक्रमात एका वक्त्यांनी सांगितले की सकारात्मक विचार केला तर कोणत्याही संकटाची भीती उरत नाही. घरी येताना मला वाटले की एवढेही आपल्याला जमत नाही, म्हणजे दोष आपल्यातच असणार.

आपल्यापैकी जे अशा जागी राहतात, किंवा ज्यांनी असे काही सोसले आहे, त्यांनी मन कशाने सावरले? मोठे उपाय नकोत. मंगळवारी सकाळी दहा वाजता, घरात स्वयंपाक आणि दुकानात गिऱ्हाईक असताना, काय करता ते सांगा.

शिरोळकर

ताई, मी तुमच्यापासून फार लांब नाही. आमचे शेत शिरोळ तालुक्यात आहे, त्यामुळे कृष्णा आणि पंचगंगा या दोन्ही नद्यांचे आमच्याशी नाते आहे. २०१९ मध्ये बारा दिवस ऊस पाण्याखाली होता.

तुम्ही विचारलेत म्हणून नृसिंहवाडीची एक गोष्ट सांगतो. ती मी लहानपणापासून पाहत आलो आहे, पण तिचा अर्थ मला उशिरा कळला. तिथले दत्तमंदिर अगदी नदीकाठी आहे आणि बहुतेक पावसाळ्यांत पाणी गाभाऱ्यात येते. पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजाने बाहेर पडू लागले की लोक त्याला दक्षिणद्वार म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करायला पहाटेपासून गर्दी करतात. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूच्या नारायणस्वामी मंदिरात हलवतात आणि नित्याचे उपचार तिथे चालू राहतात. पाणी उतरले की देव खाली येतात, पायऱ्या धुतल्या जातात, आणि कोणी त्याचा गवगवा करत नाही.

मी काही फार धार्मिक माणूस नाही. परंतु पाणी कुठवर आले की काय हलवायचे, कुठे हलवायचे आणि तिथे गेल्यावर कोणते काम चालू ठेवायचे, हे जिथे आधीच ठरलेले असते तिथे माणसांचे चेहरे वेगळे असतात, असे मला दिसले. २०१९ नंतर आम्ही घरातही तेच केले. आमच्या दाराच्या चौकटीवर खुणा आहेत. पहिल्या खुणेला जनावरे माळावरच्या पाहुण्यांकडे जातात, दुसऱ्या खुणेला धान्य माळ्यावर चढते आणि तिसऱ्या खुणेला माणसे निघतात. त्या पाण्यात उभे राहून आम्ही काहीही नवे ठरवत नाही. पूर्वी रात्रभर वडील आणि मी ‘निघायचे की थांबायचे’ यावर भांडत असू. आता पहिल्या खुणेच्या खाली पाणी असेपर्यंत आम्ही झोपतो. भीती वाटते, नाही असे नाही, पण तिला काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही हे आता ठरलेले आहे.

तुमच्या सासूबाईंची पिशवी मला चुकीची वाटत नाही. मी असतो तर ती त्यांच्याबरोबर बसून भरली असती.

मोकळीक

नमस्कार. मी समुपदेशक म्हणून काम करते आणि पूरग्रस्त भागांत काही काळ काम केले आहे. इथे मी उपचार करू शकत नाही, पण आपल्या लेखनात ज्या चार-दोन गोष्टी मला दिसल्या त्यांविषयी जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट अशी की संकट चालू असताना न रडणे आणि नंतर झोप उडणे यांत विसंगती काहीच नाही. समोर काम असते तोवर शरीर सगळी ताकद कामाला लावते. धोका टळला की साठलेले वर येते. तुमच्या मेंदूने पावसाचा आवाज, जून महिना, ओल्या भिंतीचा वास यांची त्या ऑगस्टशी गाठ मारून ठेवली आहे. तो त्याचे राखणीचे काम करतो आहे, फक्त अठरा फूट आणि अठ्ठेचाळीस फूट यांतला फरक त्याला अजून शिकवायचा आहे.

दुसरी गोष्ट फोनची. रात्री पातळी पाहिली की क्षणभर बरे वाटते आणि त्या क्षणभराच्या सुटकेमुळेच मन दर अर्ध्या तासाने पुन्हा तेच मागते. याला सरळ बंदी घालून उपयोग होत नाही, वेळ ठरवून देऊन होतो. उदाहरणार्थ, नदी ३० फुटांच्या खाली असेल तर सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, अशी दोनदाच पातळी पाहायची. मध्येच हुरहुर लागली तर ‘सातला बघू’ असे म्हणून हातातले काम पुढे न्यायचे. पहिले चार-पाच दिवस ती हुरहुर वाढते आणि असह्य वाटते, हे आधीच माहीत असू द्या. तिच्याकडे न धावता ती आपोआप उतरते, हे मनाला एकदा अनुभवाने कळावे लागते. सांगून कळत नाही. चिंतेचेही तसेच. दिवसातली वीस मिनिटे चिंतेसाठी राखून ठेवावीत, वही घेऊन बसावे, जे वाटते ते लिहावे आणि त्यातले आज हातात असलेले एक काम बाजूला काढावे. ही वेळ झोपेच्या आधीची नसावी.

तिसरी गोष्ट ऑर्डरींची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जुलै-ऑगस्टचे काम बंद केल्याने कपडे वाचतात, पण मनाला असा निरोप जातो की हे दोन महिने जगण्याचे नाहीत. भीतीला जेवढी जागा सोडावी तेवढी ती पसरते. एकदम पूर्वीइतक्या ऑर्डरी घेऊ नका. पाच घ्या, त्या वरच्या फळीवर ठेवा आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगा की पाणी वाढले तर कापड वरच्या मजल्यावर जाईल आणि चार दिवस उशीर होईल.

चौथी गोष्ट ‘च’ची. आल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली आणि आपल्याकडे डॉ. कि. मो. फडके यांनी ती रुजवली. तिच्यातला मुद्दा असा की घटना आणि तिचा मनावर होणारा परिणाम यांच्यामध्ये आपली त्या घटनेविषयीची समजूत उभी असते, आणि पुष्कळदा ती समजूत हट्टाची असते. मराठीत हा हट्ट एका अक्षरात पकडता येतो. ‘पूर येऊ नये’ ही इच्छा आहे. ‘पूर येताच कामा नये’ हा हट्ट आहे. ‘मला धीर धरता आला तर बरे’ ही इच्छा आहे. ‘मी खंबीर असलेच पाहिजे’ हा हट्ट आहे. इच्छा पुरी झाली नाही तर दुःख होते, काळजी वाटते, आणि ते रास्तच असते. हट्ट पुरा झाला नाही की माणूस कोलमडतो किंवा स्वतःला दोष देत बसतो. त्या वक्त्यांचे बोलणे ऐकून आपल्याला जे वाटले ते याच दुसऱ्या प्रकारातले आहे. भीती उरता कामा नये ही अटच चुकीची होती. ती पुरी झाली नाही यात आपला दोष नाही.

सर आली आणि छातीत धडधडू लागले तर कात्री खाली ठेवा आणि श्वास सावकाश सोडा. घ्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट सोडायला लावा, असे आठ-दहा वेळा. सावकाश उच्छ्वासाने हृदयाची गती खरोखर मंदावते. मग पुन्हा त्याच कापडाला हात लावा. उठून फोनकडे जाऊ नका.

मात्र झोप अनेक आठवडे अपुरी राहत असेल, पाण्याची दृश्ये नको असताना डोळ्यांपुढे येत असतील, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, किंवा कामच थांबले असेल, तर हे सगळे घरच्या घरी करत बसू नये. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतात. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. तो ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास असतो, निःशुल्क आहे आणि मराठीत बोलता येते. ताप उतरला नाही तर आपण डॉक्टरांकडे जातो, त्यापेक्षा यात वेगळे काही नाही.

वाशिष्ठी

मी चिपळूणचा आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी आमच्या बाजारपेठेत ज्या वेगाने चढले ते मी माडीवरून पाहिले आहे. त्यामुळे भीती काय असते हे मला कोणी सांगायला नको. तरीही या चर्चेत एक गोष्ट स्पष्टपणे मांडावीशी वाटते.

मन खंबीर करा, श्वास सोडा, वही लिहा, हे सर्व ठीक आहे. पण नदीपात्रातला गाळ, पूररेषेतली बांधकामे, धरणांतल्या विसर्गाचे वेळापत्रक आणि इशारा वेळेवर न पोहोचणे, या गोष्टी श्वास सोडून सुटत नाहीत. पूरग्रस्तांना धीर धरायला शिकवणे फार सोपे आहे, कारण त्यात दुसऱ्या कोणालाही काही करावे लागत नाही. सोसण्याची ताकद वाढवत नेली की सोसायला लावणाऱ्यांना प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही, हे मला घातक वाटते.

आमच्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीने नद्यांतला गाळ काढण्यासाठी साखळी उपोषण केले. मी त्यात काही दिवस बसलो होतो. नंतर गाळ काढण्याचे काम सुरू झाले. ते पुरेसे झाले का, यावर वाद घालता येईल. पण एक अनुभव सांगतो. पुरानंतर पाच महिने मी रात्री जागा असायचो, आणि मंडपात बसलो त्या दिवसांत मला पहिल्यांदा सलग झोप लागली.

मोकळीक

वाशिष्ठी, आपले म्हणणे मी पूर्णपणे मान्य करते आणि त्या शेवटच्या वाक्याबद्दल आपले आभार मानते, कारण मला जे नीट मांडता आले नाही ते त्यात आले आहे. हातात काही नाही ही भावना माणसाला सर्वांत जास्त पोखरते. आपण मंडपात बसलात तेव्हा नदी तेवढीच गाळाने भरलेली होती, पण आपण तिच्याकडे नुसते पाहत बसलेले नव्हता, आणि आपल्या शेजारी तेच सोसलेली माणसे होती. मनाची ताकद आणि व्यवस्थेला जाब विचारणे यांत मला विरोध दिसत नाही. उलट, झोप न झालेला, चिडलेला, एकटा पडलेला माणूस कार्यालयात तीन फेऱ्या मारून चौथीला जात नाही.

पेठेतला

मी सहसा लिहीत नाही. सांगलीतच, बाजारपेठेत माझे कापडाचे दुकान आहे. ताईंनी शिवणकामाचे लिहिले म्हणून राहवले नाही.

२०१९ मध्ये तळघरातला सगळा माल गेला. दसरा-दिवाळीसाठी उधारीवर भरलेला माल होता. विम्याचे प्रकरण लांबले, ते जाऊ द्या. त्या आठ महिन्यांत मी घरात कोणाशीही या विषयावर बोललो नाही. बायको विचारायची, मी ‘चाललंय’ म्हणायचो. दुकानात कामगारांसमोर हसायचो. सगळे म्हणायचे की यांनी किती धीराने घेतले, आणि मलाही तसेच वाटत होते. रात्री मात्र गच्चीवर जाऊन हिशेब करायचो, एकच हिशेब पुन्हा पुन्हा. नंतर संध्याकाळी थोडी घेऊ लागलो, म्हणजे झोप लागेल. झोप लागायची आणि पहाटे तीनला तुटायची. वजन उतरले, रक्तदाब वाढला. एकदा मुलाने शाळेच्या सहलीचे पैसे मागितले आणि मी ताट भिरकावले. वरणाचा डाग अजून त्या भिंतीवर आहे.

त्यानंतर काय झाले ते सांगायला फार साधे आहे. समोरच्या भांड्यांच्या दुकानाचे मालक वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे आहेत आणि त्यांचेही तेवढेच गेले होते. एका दुपारी ते चहाचे दोन कप घेऊन माझ्या गादीवर येऊन बसले आणि म्हणाले, “माझं अठरा लाख गेलंय. तुझं किती?” एवढेच. मी आकडा सांगितला. घराबाहेरच्या माणसाला मी तो पहिल्यांदाच सांगितला होता आणि घरात तर अजूनही सांगितलेला नव्हता. आम्ही दीड तास बसलो. त्यांनी उपदेश केला नाही, उपाय सांगितला नाही. त्या रात्री मी बायकोसमोर वही उघडली. तिने तीन देणेकऱ्यांची नावे काढली, ज्यांच्याशी बोलता येईल अशी, आणि त्यांपैकी दोघांनी मुदत वाढवून दिली.

मी ज्याला धीर समजत होतो तो नुसता गप्पपणा होता. अजूनही पावसाळ्यात दर गुरुवारी आम्ही आठ-दहा दुकानदार दुपारी एकत्र बसतो. कोणाचा माल कुठे हलवायचा, कोणाकडे वरचा मजला रिकामा आहे, हे बोलतो, आणि बोलता बोलता बाकीचेही निघते. दारू मी २०२० च्या मेपासून सोडली आहे.

निवृत्त शिक्षिका

पेठेतला, आपण लिहिलेत हे फार चांगले केलेत.

मी २०१९ मध्ये ज्या शाळेत होते तिथे निवारा केंद्र होते. त्यामुळे मुलांविषयी थोडे लिहिते, कारण कृष्णाकाठची यांच्या घरात मुलगी आहे. हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके पाठपुरावा केला. त्यांतली जी मुले गरिबी, घरातले कलह, आईवडिलांचे आजार अशा अनेक संकटांत वाढली, त्यांच्यापैकी सुमारे एकतृतीयांश मुले कर्तबगार, प्रेमळ आणि आत्मविश्वासू माणसे झाली. या मुलांच्या बाबतीत वारंवार आढळलेली गोष्ट म्हणजे त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचे मोठे माणूस होते, मग ते आजी असो, शेजारी असो की शिक्षक. शिवाय त्यांच्यावर घरातली काही खरी जबाबदारी होती.

केंद्रातही मला हेच दिसले. जी मुले दिवसभर मोठ्यांच्या तोंडाकडे पाहत बसायची ती रात्री दचकून उठायची. आम्ही सहावी-सातवीच्या मुलांना ताटे मोजण्याचे आणि लहानग्यांना रांगेत बसवण्याचे काम दिले. एक मुलगा सतरंज्यांची घडी घालण्यात इतका तरबेज झाला की तो मोठ्या माणसांनाही कोपरे जुळवायला सांगत असे. त्याचे घर पूर्ण पडले होते. तो रडलाही, पण सतरंज्या झाल्यावर.

आपल्या मुलीला पुराच्या बोलण्यापासून दूर ठेवू नका. तिला एक काम नेमून द्या आणि ते तिचेच राहू द्या.

सागरापार

मी मूळची कराडची, सध्या ह्यूस्टनला असते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे चक्रीवादळाने आमच्या भागात चार दिवसांत चाळीस इंचांहून अधिक पाऊस पाडला, आणि त्यानंतर फुगलेल्या जलाशयांतून पाणी सोडावे लागल्यामुळे आमच्या घरात पाणी आले. कोयनेतून पाणी सोडले की सांगलीला काय होते हे मी लहानपणी ऐकत होते. तेच इतक्या दूर येऊन माझ्या वाट्याला आले.

पाणी उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी ज्यांची नावेही मला माहीत नव्हती असे शेजारी हातोड्या घेऊन आले आणि त्यांनी आमच्या भिंतींचे भिजलेले ड्रायवॉल चार फुटांपर्यंत कापून रस्त्यावर टाकले. मी इथे अकरा वर्षे राहत होते आणि त्यांच्याशी माझे हात हलवण्यापलीकडे बोलणे नव्हते. पाण्याच्या आठवणीपेक्षा मला त्याचीच खंत जास्त लागली. आता आमच्या गल्लीत कोणाकडे म्हातारे माणूस आहे, कोणाला गाडी चालवता येत नाही, कोणाकडे जनरेटर आहे, हे आम्ही दर जूनमध्ये, वादळांचा हंगाम सुरू होताना, एकत्र जेवून लिहून काढतो. एवढ्यानेच मला त्या महिन्यांत झोप येते.

कृष्णाकाठची

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार मानायला शब्द अपुरे आहेत. पाच आठवड्यांनी परत लिहिते आहे, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

सातच्या वेळा मी पाळते आहे. पहिला आठवडा फार वाईट गेला. तिसऱ्या रात्री मी फोन यजमानांच्या उशाखाली ठेवायला दिला आणि तरीही पहाटेपर्यंत जागी होते. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस सातला पातळी पाहायची मी विसरले आणि ते माझ्या साडेआठला लक्षात आले. परवा पाणी ३३ फुटांवर गेले तेव्हा मात्र सगळे मोडले. रात्रभर पाहत होते. मोकळीकताईंनी ३० फुटांची मर्यादा घातली होती म्हणून स्वतःला फार दोष दिला नाही. पाणी दोन दिवसांनी उतरले आणि मी परत सातवर आले.

सहा ऑर्डरी घेतल्या. त्यांतल्या चार दिल्या. एका गिऱ्हाइकाने उशिराची अट ऐकून कापड परत नेले, त्याचे वाईट वाटले, पण तेवढ्यापुरतेच.

सासूबाईंची पिशवी आम्ही दोघींनी मिळून रिकामी केली. मला वाटले होते की आत औषधे आणि लुगडी असतील. आत सासऱ्यांचा चष्मा होता, माझ्या मुलीच्या बारशाचे कुंची-टोपडे होते, आणि २०१९ च्या निवारा केंद्रावर कोणीतरी दिलेल्या बिस्किटांचा रिकामा पुडा घडी करून ठेवलेला होता. तो कशाला ठेवलात, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “त्या पोरीनं माझ्या हातात दिला होता. ओळख ना पाळख.” मी इतकी वर्षे त्यांच्यावर ओरडत होते. मग औषधांची यादी आणि कागदपत्रांच्या प्रती एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्याच पिशवीत ठेवल्या. पिशवी आता मुलीच्या ताब्यात आहे आणि पातळी आजीला सांगण्याचे कामही तिचेच आहे. ती दोनदाच सांगते. आजी तिच्यावर चिडत नाहीत.

जिल्हा रुग्णालयात एकदा जाऊन आले. पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची आहे.

एक मुद्दा राहिला होता, तो मी पहिल्या लेखात लिहिला नव्हता. भिंतीवरच्या त्या रेघेवर रंग द्यावा असे यजमानांचे म्हणणे होते आणि सासूबाई हात लावू देत नव्हत्या, त्यावरून घरात सहा वर्षे धुसफूस होती. शिरोळकरांचे वाचून यजमानांनी गेल्या रविवारी पूर्ण भिंत रंगवली, फक्त दाराच्या चौकटीजवळ हातभर रुंदीची पट्टी तशीच ठेवली. त्या पट्टीवर त्यांनी पेन्सिलीने खाली आणखी दोन खुणा केल्या आहेत. पहिल्या खुणेला मशीन वर जाते, दुसऱ्या खुणेला आम्ही.

शिरोळकर

ताई, पेन्सिलीची खूण ओलीने पुसली जाते. ऑइलपेंटने करा, आणि पहिली खूण जोत्याच्या वर न ठेवता अंगणातल्या एखाद्या खांबावर घ्या. मशीन जड असते, हलवायला दोन तास तरी हातात हवेत.

कृष्णाकाठची

होय दादा, हे लक्षात आले नव्हते. तुळशीकट्ट्याच्या दुसऱ्या पायरीवर करते. लाल रंग घरात आहे.